कुंडीवरची पट्टी

माझ्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या शेजारी, एक घटपर्णी टांगलेली आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'कीटकभक्षी वनस्पती' या मथळ्याखाली जिचं चित्र असायचं, तीच. लांब पान, पानाच्या टोकातून निघालेला तणावा आणि त्याच्या टोकाला झाकण असलेला घट. हा घट म्हणजे फूल नव्हे, पानाचाच भाग. त्याच्या तोंडाशी बारीक रेघांची चकचकीत कड असते. तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसला की मुंगीचा पाय ठरत नाही. पहिल्या पावसात ब्रेक दाबलेल्या स्कूटरसारखी ती सरळ घसरत आत जाते. आतल्या द्रवात बुडते, विरघळते आणि तिच्यातला नायट्रोजन झाडाला मिळतो. जिथे मातीत काही मिळत नाही, तिथे या झाडांनी शोधलेली ही वाट.

आई गावाहून आली की तिचा प्रश्न ठरलेला. "अगं, डास तरी खातं का ते?"

डास फारसे नाही. मुंग्या खातं. त्यावर आई "मग काय उपयोग" अशा नजरेनं झाडाकडे बघते आणि तुळशीला पाणी घालायला जाते.

झाड आणलं तेव्हा कुंडीत एक प्लास्टिकची पट्टी खोचलेली होती आणि तिच्यावर एकच शब्द होता: मिरांडा. हे एका संकराचं नाव. नेपेंथिस या प्रजातीतल्या झाडांचा शौक असलेल्या लोकांमध्ये याला मोठा मान आहे, कारण ते हिरव्या-तांबड्या ठिपक्यांचे वीतभर घट देतं आणि तरीही फार नखरे करत नाही. त्याच्या वंशावळीत एका बाजूला 'मिक्स्टा' नावाचा १८९३ सालचा संकर आणि दुसऱ्या बाजूला मॅक्सिमा ही जात असल्याचं मानलं जातं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात कोडची एखादी ओळ विचित्र दिसली, तर ती कोणी आणि कधी लिहिली हे दाखवणारी एक आज्ञा असते, गिट ब्लेम. सवयीनं मी या झाडावरही ती चालवून पाहिली. पुढचा सगळा मजकूर म्हणजे त्यातून निघालेली नोंदवही आहे. आणि कुठल्याही नोंदवहीसारखीच ही सुद्धा, ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनीच लिहिलेली.

दुःख विसरायला लावणारं

या झाडांची युरोपीय पुस्तकातली पहिली नोंद सतराव्या शतकातली, मादागास्करमधली आहे. एत्येन द फ्लाकूर हा तिथल्या फ्रेंच वसाहतीचा गव्हर्नर. मादागास्करवरच्या आपल्या १६५८च्या ग्रंथात त्यानं टोकाला सुरईसारखं काहीतरी धरणाऱ्या एका झाडाचं वर्णन केलं. तिथले लोक ते तोडायला कचरतात, कारण तोडलं तर त्या दिवशी पाऊस पडतो अशी त्यांची समजूत आहे, असं तो सांगतो. पुढे लिहितो, की मी आणि सगळ्या फ्रेंचांनी तोडून पाहिलं, पाऊस काही पडला नाही. या दोन वाक्यांत पुढच्या अडीचशे वर्षांचा स्वभाव आलेला आहे. एकाला न तोडण्याचं कारण ठाऊक आहे. दुसऱ्याला ते कारण खोटं ठरवण्यासाठी तोडायचं आहे.

'नेपेंथिस' हे नाव १७३७ साली लिनियसनं दिलं. होमरच्या 'ओडिसी'त हेलन पाहुण्यांच्या मद्यात एक औषध घालते, ज्यानं माणूस दुःख विसरतो. ते नेपेंथ. लांबच्या प्रवासानंतर हे झाड दिसलं तर कोणता वनस्पतिशास्त्रज्ञ आपले कष्ट विसरणार नाही, असा लिनियसचा विचार होता. आपल्याकडे सह्याद्रीच्या सड्यांवर उगवणाऱ्या एका कीटकभक्षी वनस्पतीला लोकांनी 'सीतेची आसवं' म्हटलं. एकाच कुळाचारातल्या दोन झाडांना एकीकडे दुःख विसरायचं नाव मिळालं आणि दुसरीकडे दुःख आठवायचं.

काच आणि कोळसा

उष्ण कटिबंधातलं, दमट हवेतलं हे झाड लंडनच्या थंडीत जगवायचं तर दोन गोष्टी लागतात: काच आणि ऊब. इंग्लंडमध्ये काचेवर कर होता, तो १८४५ साली रद्द झाला आणि काचगृहं स्वस्त झाली. त्याआधीच नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरनं शोधून काढलं होतं, की बंद काचेच्या पेटीत झाडं आपल्याच ओलाव्यावर महिनोन्‌महिने जगतात. या वॉर्डच्या पेट्यांमुळे महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासातूनही झाडं जिवंत पोहोचू लागली. ऊब मात्र कोळशाची. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ इथल्या जोसेफ पॅक्स्टनच्या प्रचंड काचगृहाला आठ बॉयलर होते आणि त्यांना लागणारा कोळसा भुयारातून, रुळांवरून नेला जाई. वर बसलेल्या पाहुण्यांना धूर दिसू नये आणि कोळसा ओढणाराही दिसू नये, अशी सोय.

या सगळ्या हौसेला माल पुरवणारी सगळ्यात मोठी नर्सरी म्हणजे चेल्सीच्या किंग्ज रोडवरची जेम्स व्हीच अँड सन्स. त्यांनी जगभर माणसं पाठवली. टॉमस लॉबनं १८४०च्या दशकापासून आग्नेय आशियातून त्यांच्यासाठी झाडं पाठवली. त्याच्यानंतर फ्रेडरिक बर्बिज, चार्ल्स कर्टिस असे एकामागून एक गेले. यातल्या प्रत्येकाच्या नावाची झाडं आहेत.

आणि ज्यांच्या नावाची नाहीत, ते? १८५८ साली ह्यू लो आणि स्पेन्सर सेंट जॉन हे दोघे बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर गेले, तेव्हा पायथ्याच्या कियाऊ गावातले दुसून लोक वाटाडे आणि हमाल म्हणून सोबत होते. त्यांना तिथे जगातली सर्वांत मोठ्या घटांची एक घटपर्णी मिळाली. सेंट जॉनच्या वर्णनात एका घटात चार पिंट, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी आणि बुडून मेलेला उंदीर होता. पुढच्याच वर्षी जोसेफ हूकरनं तिचं नामकरण केलं: नेपेंथिस राजा. हा राजा म्हणजे किनाबालूवरचा कोणी नव्हे, सारावाकवर राज्य करणारा इंग्रज, जेम्स ब्रूक. पर्वताच्या सर्वोच्च शिखराला लोचं नाव मिळालं, जरी तो त्या शिखरावर कधी चढला नव्हता. कियाऊचा मुखिया लेमाइंग सेंट जॉनच्या पुस्तकात येतो, भांडतो, घासाघीस करतो, रस्ता दाखवतो. त्याच्या नावाचं झाड नाही.

त्या उंदराबद्दल एक पुस्ती जोडायला हवी. दीडशे वर्षं सगळ्यांना वाटत होतं की ही झाडं उंदीर खातात. २००९ नंतरच्या संशोधनातून वेगळंच दिसलं. आधी लोविआय आणि मग राजा या जातींत कळलं, की ट्री श्रू नावाचा खारीएवढा प्राणी झाकणाच्या आतल्या बाजूचा गोड स्राव चाटायला घटावर बसतो आणि बसल्या बसल्या आत विष्ठा टाकून जातो. झाडाला नायट्रोजन त्यातूनही मिळतो. झाड त्याला मारत नाही, खाऊ घालतं. सेंट जॉनला दिसलेला उंदीर हा बहुधा अपघात होता. पण शिकारीची गोष्ट देवाणघेवाणीच्या गोष्टीपेक्षा जास्त खपते.

एक चित्र

मिक्स्टाची आई मात्र आधी झाड म्हणून नव्हे, चित्र म्हणून इंग्लंडला पोहोचली. मॅरिअन नॉर्थ ही एकटीनं जगभर फिरून झाडांची तैलचित्रं काढणारी बाई. १८७६ साली ती सारावाकला होती. हर्बर्ट एव्हरेट यांनी तिला बाऊ भागातल्या चुनखडीच्या डोंगरांवरून घट आणून दिले आणि तिनं ते रंगवले. लालभडक कड, मोठे, ठिपकेदार. चित्र लंडनमध्ये हॅरी व्हीचनं पाहिलं. असं झाड आपल्या यादीत नाही हे त्याच्या लगेच लक्षात आलं आणि त्यानं १८८० साली चार्ल्स कर्टिसला ते शोधायला धाडलं. कर्टिसला ते मिळालं. हूकरनं १८८१ साली त्याला नाव दिलं: नॉर्थियाना. बाईच्या कामाचं श्रेय तिला मिळालं, ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हे. क्यू उद्यानात तिची आठशेहून अधिक चित्रं आजही एका दालनात भिंतभर लावलेली आहेत.

त्याच कर्टिसच्या नावानं आणखी एक घटपर्णी चेल्सीत आली, कर्टिसीआय. आज तिला मॅक्सिमा या जातीतच धरतात. या दोन झाडांचं लग्न लावणं बाकी होतं.

मळलेल्या नखांचे लोक

घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. झाड फुलल्याशिवाय ते कोण आहे हे कळत नाही आणि फुलायला वर्षं लागतात. एका वेळी काचगृहात नर फुललेला असावा आणि मादीही, तरच संकर. मग नराचे पराग ब्रशनं उचलून मादीच्या फुलांवर लावायचे, दाण्यापेक्षा तुसासारखं दिसणारं बी धरायची वाट पाहायची, ते शेवाळावर पेरायचं आणि रोपं ओळखू येण्याएवढी होईपर्यंत पुन्हा काही वर्षं थांबायचं. आम्ही दोन आठवड्यांचा स्प्रिंट लांबला तरी कॅलेंडरकडे बघून उसासे टाकतो.

हे काम पहिल्यांदा तडीस नेलं जॉन डॉमिनी या माळ्यानं. हा व्हीचचा नोकर. माणसानं घडवलेला पहिला ऑर्किड-संकर त्याच्याच हातचा, तो १८५६ साली फुलला. १८६२ साली त्याचा घटपर्णीचा संकर बाहेर आला, डॉमिनीआय. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यावर खूश नव्हते. जाती म्हणजे देवानं आखलेल्या रेषा, त्या माळ्यानं ओलांडाव्यात हे अनेकांना रुचलं नाही. डॉमिनीच्या हाताखाली जॉन सेडन तयार झाला, त्याच्या नावाचा सेडेनीआय १८७२चा. पुढच्या पिढीत जॉर्ज टिव्ही आला. नॉर्थियाना आणि कर्टिसीआय यांचा संकर, १८९३ सालचा मिक्स्टा, हा टिव्हीच्या काळातला. पुढे मिक्स्टाचा संकर एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जन्मलेल्या डिक्सोनियानाशी झाला आणि त्याला क्यूचे संचालक थिसल्टन-डायर यांच्यावरून डायरियाना म्हटलं गेलं.

नोंदवहीच्या या पानावर मी थोडा वेळ रेंगाळले. राजे, संचालक आणि मालक यांच्या गर्दीत डॉमिनी, सेडन, टिव्ही ही मजुरीवर काम करणाऱ्या माळ्यांची नावं आहेत. जंगलातली जात 'शोधणाऱ्याच्या' किंवा साहेबाच्या नावानं जाते. संकरात मात्र कधीकधी हातानं काम करणाऱ्याचं नाव उरतं. कारण उघड आहे. संकर हा शोधता येत नाही, करावाच लागतो.

व्यापाराच्या दृष्टीनं संकर का हवे होते, त्याचंही कारण साधं. डोंगरावरची राजा चेल्सीत आणली गेली, पण टिकवता आली नाही. तिला रात्री गारवा लागतो आणि हे लोक तिला बॉयलरच्या उबेत ठेवत होते. संकर मात्र दोन्ही पालकांपेक्षा चिवट निघत. जंगलातून आणलेलं झाड मरायचं, काचगृहात जन्मलेलं जगायचं.

विझलेले बॉयलर

१९१४ साली हॅरी व्हीचनं चेल्सीची नर्सरी बंद केली. पुढे चालवायला घरात कोणी उरलं नव्हतं. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. कोळसा काचगृहांसाठी उरला नाही, माळी खंदकांत गेले. चॅट्सवर्थचं काचगृह थंड पडलं, आतली झाडं मेली आणि १९२० साली ती इमारत सुरुंग लावून पाडली. व्हिक्टोरियन काळातले बहुतेक संकर अशाच हिवाळ्यांत संपले.

जे थोडे वाचले, ते कटिंगमुळे. घटपर्णीचा वेल वाढला की त्याचा तुकडा कापून शेवाळात लावता येतो. कोणी तो कोणाला दिला, त्यानं पुढे आणखी कोणाला दिला. कटिंगमधून येतं ते मूळ झाडाचं मूल नव्हे, तेच झाड. आज जे मिरांडा म्हणून विकलं जातं, ते सगळं मिळून एकच झाड आहे, हजारो बाल्कन्यांत वाटलेलं. त्यातलं एक माझ्या कपड्यांच्या दोरीशेजारी.

माझी नोंद

ही वही इथेच मिटवली असती तर बरं झालं असतं. पण त्यात माझीही एक नोंद आहे.

मिरांडा माझी पहिली घटपर्णी नव्हे. लॉकडाउनच्या दुसऱ्या वर्षी, घरात कोंडून कंटाळलेली असताना, मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन 'अस्सल भारतीय घटपर्णी' मागवली. खोका उघडला. झाड मोठं होतं, चांगलं हातभर खोड, पण मुळं तुटलेली. मुळांना लाल माती चिकटलेली आणि तिच्यात दुसऱ्याच कुठल्या गवताची मुळं. एकोणीस दिवसांत ते काळं पडलं. मी विक्रेत्याला वाईट शेरा दिला आणि पैसे परत मागितले. पैसे मिळाले. माझ्या मते विषय संपला.

त्यानंतर वाचायला लागले. भारतात नेपेंथिसची एकच जात आहे, खासियाना, आणि ती मेघालयात. हूकरनं तिचं वर्णन १८७३ साली केलं. १९९१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींचं प्रकरण जोडलं गेलं, तेव्हा ज्या अगदी मोजक्या वनस्पतींना संरक्षण मिळालं, त्यांत ही होती. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सगळ्यात कडक यादीत नेपेंथिसच्या दोनच जाती आहेत, राजा आणि खासियाना. नर्सरीत वाढलेल्या झाडाच्या मुळांत रानातलं गवत नसतं. ते झाड उपटलेलं होतं. मी उपटलं नव्हतं, पण उपटायचं कारण मी होते. फ्लाकूर ते कर्टिस या माणसांकडे मी जरा वरून पाहत होते, आणि यादीच्या तळाशी माझा ऑर्डर क्रमांक निघाला.

आमच्या टीममध्ये तुरा गावची एक गारो मुलगी आहे. एकदा दुपारी कँटीनमध्ये मी तिला हे सांगितलं. तिनं काही दोष दिला नाही, नाव सांगितलं: मेमांग-कोक्सी. भुताची टोपली. तिची आजी, न उघडलेल्या घटातलं स्वच्छ पाणी डोळे आले की डोळ्यांत घालायची. खासी भाषेतही तिला राक्षसाचं फूल म्हणतात, हे मी नंतर वाचलं. आता ती फारशी दिसत नाही, असं मैत्रीण म्हणाली. का, असं विचारलं तर म्हणाली, लोक उपटतात हे खरं, पण जमिनीखाली कोळसा आहे ना.

कोळसा. गारो आणि जैंतिया टेकड्यांमध्ये माणूस जेमतेम सरपटेल एवढ्या बिळांतून कोळसा काढतात. हरित लवादानं २०१४ साली त्या खाणींवर बंदी घातली, तरी अपघाताच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. तिकडे सारावाकमध्ये नॉर्थियानाच्या चुनखडीच्या डोंगरांवर दगडखाणी आहेत. ज्या काळ्या दगडानं चेल्सीत घटपर्णी जगवली, तोच गारो टेकड्यांत तिच्या पायाखालून काढला जातोय. आणि आजही, तो ओढणारा माणूस वरून दिसू नये अशी सोय आहे.

सेडेनीआयसारख्या कितीतरी जुन्या संकरांत एक पालक खासियाना असल्याचं आज मानतात. व्हीचच्या वहीत मात्र तिच्यासाठी श्रीलंकेच्या जातीचं नाव लिहिलेलं असे. गारो टेकड्या त्या संकरांच्या रक्तात होत्या, पट्टीवर नव्हत्या.

पट्टी

मिरांडा आणताना मी आधी विचारलं होतं, मूळ झाड कुठलं, कटिंग की प्रयोगशाळेतलं रोप. संकर घेण्याचं माझं समर्थन एवढंच, की त्याच्यासाठी कुठलाही डोंगर उकरावा लागत नाही. त्यानं पाप फिटतं असं मी म्हणत नाही. त्याच्या आतल्या दोन जातींसाठी एकदा ते डोंगर उकरले गेलेच होते.

बाकी त्याला फार काही लागत नाही. कुंडीत शेवाळ, पर्लाइट आणि धुऊन घेतलेले नारळाच्या सालीचे तुकडे. खत मुळीच नाही. सकाळचं ऊन. पाणी आरओचं किंवा पावसाचं; उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, त्या पाण्यात मीटर सहाशेच्या वर जातो, ते घातलं तर मुळं जळतील. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी पडली की तणाव्याची टोकं वाळतात आणि एकही घट धरत नाही. जूनमध्ये पहिली सर आली की तेच टोक फुगायला लागतं. आठवड्यागणिक ते फुगतं, चपटं असतं ते गोल होतं आणि एका सकाळी झाकण उघडलेलं असतं. आत आधीपासून थोडं पाणी. पावसाचं नव्हे, झाडाचं स्वतःचं.

या जूनमध्ये वेल रेलिंगच्या वर गेला. मी ब्लेड स्पिरिटनं पुसून दोन पानांचा तुकडा कापला आणि शेवाळात लावला. अडीच महिन्यांनी मुळं धरली. ते रोप तुऱ्याच्या मैत्रिणीला द्यायचं ठरलं होतं. तिनं नवीन घर घेतलंय, पूर्वेची गॅलरी आहे.

नवी पट्टी कापली आणि पर्मनंट मार्कर घेऊन बसले. 'मिरांडा' लिहिलं. त्याखाली 'मिक्स्टा, चेल्सी, १८९३'. त्याखाली 'नॉर्थियाना: बाऊ, सारावाक'. जागा संपत आली होती. ज्यांनी त्या चुनखडीवरची वाट दाखवली, त्यांची नावं लिहायला माझ्याकडे नव्हती. तेवढी एक ओळ मी कोरी सोडली.

आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढंसं रोप, आणि किती लिहितेस?"